घरटी एक नाव

सिंधु सोनकांबळे एका जागी स्वस्थ बसलेली नांदेडच्या सरकारी दवाखान्यात कुणी पाहिली असेल, तर त्यानं पुढं यावं. जेवतानासुद्धा ही बाई डबा हातात घेऊन खिडकीशी उभी. वॉर्डात काम नसलं की पट्ट्या गुंडाळायची, आणि त्या संपल्या की गुंडाळलेल्या सोडून पुन्हा गुंडाळायची. म्हाताऱ्या पेशंट म्हणायच्या, "सिस्टर, जरा बूड टेका की." ती म्हणायची, "टेकते," आणि पुढच्या खाटेकडं निघायची.

हे तिचं लहानपणापासूनचं. निलंग्याहून कर्नाटकाच्या शिवेकडं जाताना तळीखेड लागतं, तिथल्या बौद्धवाड्यातली ही पोर. बाप निवृत्ती दम्यानं खाटेला खिळलेला, आई धुरपताबाई रोजानं जाणारी. आठवीला लातूरच्या वसतिगृहात गेली, तिथून नर्सिंगला नांदेडला, आणि तिथंच नोकरीला लागली. लग्नाची बोलणी दोनदा झाली. बघायला आलेल्यांसमोर तिला बसवलं की कपबशा उचलायच्या निमित्तानं ती उठायची, ती परत यायचीच नाही. आई कपाळावर हात मारून घ्यायची. "पायाला भिंगरी हाय पोरीच्या," एवढंच पाहुण्यांना सांगायची.

अशा बाईला कुवेतचं बोलावणं आलं यात नवल नव्हतं. तिच्यासोबत काम केलेली एक केरळची नर्स तिकडं गेली होती, तिच्या सांगण्यावरून सिंधुनं अर्ज केला आणि मुंबईला जाऊन मुलाखत देऊन आली. तिथल्या एका दवाखान्यानं तिला निवडली. अट एवढीच की दसऱ्यापर्यंत पासपोर्ट हातात पाहिजे, सोबत पोलिसांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला. दिवाळीनंतर त्यांची माणसं विमानात बसणार होती. सिंधुनं पासपोर्टचा अर्ज टाकला आणि त्या दिवसापासून तिच्या जिवाला आणखीच घोर लागला. पोस्टमन दवाखान्याच्या फाटकाशी दिसला की तिच्या हातातलं इंजेक्शन थांबायचं. तिला तळीखेडपासून, नांदेडपासून, या सगळ्या तहानलेल्या मुलखापासून दूर जायचं होतं. समुद्र बघायचा होता, मुलाखतीच्या धावपळीत मुंबईतला राहूनच गेला होता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण तेच खरं होतं.

पोस्टमन आला नाही. आला तो चंद्रप्पा हवालदार. त्याच्या पोटाचं ऑपरेशन याच दवाखान्यात झालं होतं आणि सिंधुनंच त्याची जखम रोज धुतली होती. तो वॉर्डाच्या दाराशी टोपी काढून उभा राहिला.

"सिस्टर, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला, "पण तुम्ही फरार हाव."

सिंधुला वाटलं गंमत करून राहिलाय. तिनं विचारलं, "कुठून फरार?"

"तळीखेडातून. बहात्तर सालच्या केसमधे. वॉरंट हाय तुमच्या नावाचं. खरं म्हणजे मला तुम्हाला धरूनच न्यावं लागतं." त्यानं इकडं तिकडं पाहिलं. "पण तुमी सरकारी नोकर, पळून कुठं जाणार. आठवड्यात जाऊन कोर्टात हजर व्हा. मी तवर तुम्ही सापडल्या न्हाई म्हणतो."

ज्या बाईच्या नावानं वॉरंट निघालं होतं, ती बाई रोज पोलिसांना सुया टोचत होती, त्यांच्या बायकांची बाळंतपणं करत होती, आणि सरकारच्या लेखी ती फरार होती. आपल्याकडं असंच चालतं. दोन सरकारी खोल्यांच्या मधे एक भिंत असली की पुरे होतं.

त्यात नवा जिल्हा झाला. आदल्या वर्षीच्या ऑगस्टात लातूर उस्मानाबादेतून वेगळं निघालं, पेढे वाटले गेले, पाट्या बदलल्या. जुन्या कागदांची गाठोडी ट्रकांतून लातूरला आली. नव्या कचेरीतल्या नव्या माणसांना नवा उत्साह असतो. त्यांनी ती गाठोडी सोडली, फटकली आणि लावली. जिल्हा एकच राहिला असता तर ते गाठोडं कुणी जन्मात सोडलं नसतं आणि सिंधु बिनबोभाट कुवेतला गेली असती. पण पासपोर्टसाठी चौकशी आली ती नेमकी गाठोडं सुटल्यावर. इथं माशी शिंकली.

केस काय होती हे सिंधुला माहीत होतं. तळीखेडातल्या प्रत्येकाला माहीत होतं. बहात्तरच्या दुष्काळात बौद्धवाड्याची विहीर कोरडी पडली. पाणी होतं ते एकाच विहिरीला, मलप्पाच्या शेताच्या कडेच्या. विहीर सरकारी, पण वाट मलप्पाच्या बांधावरून, म्हणून मलप्पा म्हणायचा विहीर माझी. एके सकाळी बौद्धवाडा घागरी घेऊन निघाला. घरटी एक घागर. आधी बोलाचाली झाली, मग ढकलाढकली, मग दगड. दोन्हीकडून फिर्यादी गेल्या. बौद्धवाड्याची फिर्याद कुठं विरली कुणास ठाऊक. मलप्पाची उभी राहिली. बेकायदा जमाव, घुसखोरी, मारहाण.

आणि मग जे झालं ते तळीखेडातच होऊ शकतं. जमादार नावं लिहायला आला, तेव्हा लोकांनी दारं लावून घ्यावीत की नाही? तर हे लोक होऊन पुढं आले. वाड्याचा कारभारी ग्यानोबा होता. तो म्हणाला, पाण्याला घरटी एक घागर गेली, तसं केसमधे घरटी एक नाव गेलं पाहिजे. ज्याचं नाव नाही ते घर आपल्यात नव्हतं. आणि सरकारात नाव जायचंच आहे तर घरातलं सगळ्यात चांगलं नाव जाऊ द्या. अंगठा उठवणाऱ्याचं नको. सरकारला कळू दे, इथं कोण कोण माणसं राहतात.

झालं. प्रत्येक घरानं आपलं उजवं नाव काढून दिलं. कुणी सातवी पास झालेला पोरगा दिला, कुणी आयटीआयला गेलेला. व्यंकटी तर तेव्हा फौजेत, जम्मूला होता. त्याच्या बापानं छाती पुढं काढून हुद्द्यासकट त्याचं नाव सांगितलं. जमादाराचं काय जात होतं? आरोपी स्वतः चालत येत होते, त्यानं भराभर लिहून घेतलं. आणि धुरपताबाईनं सांगितलं, सिंधु निवृत्ती सोनकांबळे, दहावीत शिकते, लातूरला. विहिरीवर दगड पडले त्या सकाळी सिंधु लातूरला शाळेत भूमितीचा पेपर लिहीत होती.

पुढच्या सुट्टीत घरी आली तेव्हा आईनं तिला हे कौतुकानं सांगितलं. सिंधु हसली होती. सतरा वर्षांच्या पोरीला केस म्हणजे काय ते काय कळणार?

समन्स घेऊन शिपाई घरी आला तेव्हा मात्र धुरपताबाईचं काळीज हललं. शिकती पोर, तिला कोर्टात कशाला ओढायची? ती म्हणाली, "हितं राहत न्हाई ती. कुठं हाय मला ठावं न्हाई." म्हणजे नावही तिनंच दिलं आणि पोरही तिनंच लपवली. बाकीच्यांची केस तीन वर्षं चालली आणि पुराव्याअभावी सगळे सुटले. सुटणारच. निम्मे आरोपी त्या दिवशी गावातच नव्हते. वाड्यात साखर वाटली, सगळे धरून चालले की सिंधुही सुटली. कोर्टानं मात्र तिला वेगळी काढून फरारी म्हणून बाजूला ठेवली होती.

सिंधुनं रजा टाकली आणि तालुक्याला, निलंग्याला गेली. तिथं नरसिंगराव वकील होते, बौद्धवाड्यातल्या बाकीच्यांची केस त्यांनीच चालवली होती. म्हातारे झाले होते. सिंधु त्यांच्यासमोर बसेना, उभीच.

त्यांनी तिला कोर्टात उभी करून वॉरंट रद्द करून घेतलं, जामीन मिळवून दिला. मग बाहेरच्या टपरीवर चहा मागवून ते म्हणाले, "किरकोळ काम हाय सिस्टर. पुढल्या तारखेला कबूल म्हणून टाका. साहेब दंड करतील, भरून मोकळ्या व्हा. सगळे असंच करतात."

"किती वेळ लागतो?"

"कबूल म्हणायला किती लागतो तेवढाच."

सिंधुला हायसं वाटलं. तिला काय, काम उरकल्याशी मतलब. नाहीतरी त्या जुन्या भांडणाशी तिचं काय होतं? कबूल म्हणायचं, पासपोर्ट घ्यायचा, निघायचं. ती वळून एसटी स्टँडकडं चालायलाही लागली होती. वकिलांनी सहज मागून विचारलं, "कुवेतवाल्यांनी आणखी काय काय मागितलंय?"

"पोलिसांचा दाखला. शिक्षा झालेली नाही म्हणून."

नरसिंगरावांनी कप खाली ठेवला. "मग थांबा. माघारी या."

ती माघारी आली. वकिलांनी तिला पहिल्यांदाच नीट समजावलं. "ऐका. खटला चालू हाय तवर पासपोर्ट न्हाई, हे खरं. कबूल केलं तर खटला संपला, पासपोर्ट बी मिळंल. पण मग तुम्हाला शिक्षा लागली. दंड किती का असंना, शिक्षा ती शिक्षा. पोलीस दाखल्यावर तेच लिहिणार. आन् दुसरा मुलूख आपल्यासारखा न्हाई. ते विचारत न्हाईत की पाण्यासाठी केलं का सोन्यासाठी. मारहाणीत शिक्षा झालेली नर्स त्यांनी कशापायी घ्यायची? दारातनंच परत पाठवतील. चुकून घेतलंच आन् मागून कळलं, तर तिथनं काढून लावतील. मघाशी मी घाईनं बोललो. आपण हितं दंड भरून मोकळं व्हायला शिकलो, बाहेरच्या मुलखाचा इचारच कधी आला न्हाई."

"मग?"

"सुटायला पाहिजे. साफ. तुम्ही तिथं नव्हता, हे कोर्टासमोर यायला पाहिजे."

वसतिगृहाची जुनी इमारत कधीच पाडली होती. हजेरीचे कागद वाळवीनं खाल्ले होते. वकील म्हणाले, आता राहिली तुमची आई. तिनं येऊन सांगावं की पोरगी लातूरला होती, नाव मी दिलं. काम सोपं आहे.

काम सोपं नव्हतं. सिंधु दुपारच्या गाडीनं तळीखेडला गेली. आई अंगणात तुरीच्या काड्या मोडत बसली होती. सिंधुनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. धुरपताबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि काड्या मोडत राहिली.

"मी न्हाई सांगायची," ती म्हणाली.

"म्हणजे काय?"

"तू नव्हतीस म्हणून मी न्हाई सांगायची."

"मी नव्हतेच की माय. पेपर होता माझा."

"तू नव्हतीस. घर होतं की आपलं." धुरपताबाईचा आवाज चढला नाही. "पुऱ्या वाड्यात घरटी एक नाव हाय. तुझं काढलं तर आपल्या घराचं कोणतं ऱ्हायलं? तुझा बाप तवा खाटंवर होता. लोक म्हणतील, निवृत्तीचं घर पाण्याला आलंच न्हाई."

"लोक कोण? अर्धे लोक पुण्या-मुंबईला गेले. विहीर बुजली. दारात हापसा आलाय."

"आला. कशानं आला?"

सिंधु चिडली. चिडली की ती फेऱ्या मारायची. अंगणातून दारात, दारातून अंगणात. "सगळे सुटले. व्यंकटी सुभेदार झाला. पोरं नोकऱ्यांना लागली. अडकले मी एकटी. तू घराचं नाव घेऊन बस, मी कुजते नांदेडला." नको ते बोलून गेली. "नाव द्यायचं होतं तर तुझं द्यायचं होतंस."

धुरपताबाईचा हात काडीवर थांबला. "माझं कोण लिहितंय," ती म्हणाली. "अंगठा हाय माझा."

सिंधु रात्रीला न थांबता माघारी फिरली. एसटीत जागा रिकामी असूनही दांडीला धरून उभी राहिली. तिला आईचा राग येत होता, आणि राग येतोय याचा स्वतःवर जास्त राग येत होता. त्या दिवशी आई विहिरीवर गेली होती की आणखी कुणी, हे तिनं आजवर कधी विचारलंच नव्हतं.

पुढच्या तारखेला साहेबांनी आरोप वाचून दाखवला. साहेब तरुण होते, दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेले. त्यांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" सिंधुच्या जिभेवर कबूल आलं होतं. एक शब्द, आणि संध्याकाळी नांदेड. तिनं पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला.

"कबूल नाही," ती म्हणाली.

मग फिर्यादीला समन्स निघालं. मलप्पाला.

मधले दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. दवाखान्यातल्या पट्ट्या तिनं इतक्यांदा गुंडाळल्या की मेट्रन म्हणाली, सोनकांबळे, झिजतील त्या. दसरा जवळ येत होता. मुंबईहून तार आली, पासपोर्ट कुठंय. नरसिंगरावांनी निरोप पाठवला की मलप्पाला भेटून आलोय, त्याला एवढंच सांगितलं की लई वर्षं झाली, आता ओळखत न्हाई म्हण. त्याचं काही सांगता येत न्हाई. मागल्या खेपेलाबी तो रुसून साक्षीला आला नव्हता.

रुसून का, ते कुणाला माहीत नव्हतं. मलप्पा हा माणूसच आडमुठा. विहिरीच्या भांडणापासून तो बौद्धवाड्याच्या वाटेनं गेला नव्हता. हापसा आला, विहीर बुजली, बायको गेली, लेक वेगळे निघाले, पण त्यानं तो राग तूप-रोटीवर पोसावा तसा पोसला. असला माणूस कोर्टात उभा राहून सिंधुवर दया करील, असं तिला एक क्षणही वाटलं नाही. बोट दाखवून हीच म्हणाला तर त्याला खोटं ठरवणार कोण?

तारखेच्या दिवशी सिंधु सकाळच्या पहिल्या गाडीनं आली. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली तिला आई दिसली. धुवट इरकली लुगडं, डोक्यावर पदर, पायाशी पिशवी.

"साक्ष द्यायला आलीस?"

"न्हाई," धुरपताबाई म्हणाली. "बघाया आले."

दोघी आत गेल्या. आई मागच्या बाकड्यावर बसली, सिंधु पिंजऱ्यात उभी राहिली. उभं राहायचंच असतं तिथं, तेवढं एक तिच्या सोयीचं होतं.

मलप्पा काठी टेकत आला. कपाळावर विभूती, कानात भिकबाळी, डोळ्याला जाड भिंगं. शपथ घेतली. सरकारी वकिलांनी सवयीनं विचारलं, "या आरोपीला ओळखता का?"

नरसिंगराव खाली मान घालून वाट बघत होते. न्हाई म्हणायचा, एवढंच काम होतं.

"वळखतो की," मलप्पा म्हणाला.

दसरा, विमान, समुद्र, सगळं त्या दोन शब्दांत बुडालं असं सिंधुला वाटलं.

"कोण आहे?"

"निवृत्तीची पोरगी. दवाखान्यात हाय नांदेडला."

"त्या दिवशी विहिरीवर ही होती का?"

"छ्या. ही कशाची? ही तवा लातूरला शाळंत."

टाइपरायटर थांबला. साहेबांनी मान वर केली. सरकारी वकील चाचरले. "मग तुमच्या फिर्यादीत हिचं नाव कसं?"

"ते मी दिलंच न्हाई," मलप्पा म्हणाला, आणि इतक्या वर्षांचा रुसवा बाहेर आला. "मी जमादाराला खरी नावं सांगितली हुती. त्यानं लिहिलीच न्हाईत. ह्या लोकांनी आपली शाळंतली पोरं लिहून दिली, तीच त्यानं घेतली. माझी फिर्याद, आन् मलाच कुणी इचारलं न्हाई. म्हणून मी आलोच न्हाई मागं."

"मग कोण होतं विहिरीवर?"

मलप्पानं काठी उचलून मागच्या बाकड्याकडं रोखली. "ती. हिची माय. धुरपताबाई. पैली घागर तिनं बुडिवली. मी वाटंत आडवा झालो तर म्हणाली, 'मलप्पा, पाणी तुझ्या बापानं वतलंय का हिरीत?' सगळ्या गावादेखत. तिला मी इसरंल होय? एक एक जण मागं सरला, ती सरली न्हाई. भरलेली घागर डोक्यावर घेऊन माझ्या बांधावरनं चालत गेली. माझ्या लेकानं दगुड मारला, तो तिच्या खांद्याला लागला. तरी घागर पडली न्हाई."

सिंधुनं वळून पाहिलं. आईच्या डाव्या खांद्याला एक व्रण होता, खोबणीसारखा. काड्या आणताना पडले होते, असं आई म्हणायची. नर्स झाल्यावर सिंधुनं कितीतरी व्रण पाहिले, पण हा खरंच पडल्याचा का, असं कधी विचारलं नाही. रोज दुसऱ्यांच्या जखमा धुणारी बाई, आणि आपल्या आईचा खांदा तिला दिसला नव्हता. तिला लाज वाटली, आणि ती लाज साधीसुधी नव्हती.

धुरपताबाई बाकड्यावरून उठून उभी राहिली होती.

"हाव," ती म्हणाली. "मीच हुते."

नरसिंगराव घाबरून तिच्याकडं धावले, खाली बसा म्हणून खुणा करू लागले. साहेबांनी हात वर केला. "बाई, तुम्ही बसा. तुम्हाला काही विचारलेलं नाही."

"इचारा की साहेब," धुरपताबाई म्हणाली. "इतकी वर्षं झाली, कुणीच इचारलं न्हाई."

साहेब तिच्याकडं बघत राहिले. त्यांना विचारता येत नव्हतं. त्या केसमधे आता तिचं काही चालणार नव्हतं, तिला आरोपी करायची मुदतही सरली होती. कायद्याच्या दृष्टीनं ती त्या विहिरीवर गेलीच नव्हती. ते हळू आवाजात म्हणाले, "बसा." मग त्यांनी टाइपिस्टला मलप्पाची जबानी पुन्हा पहिल्यापासून सांगितली. धुरपताबाईचं नाव आलं तिथं थांबून त्यांनी मलप्पाला विचारलं, "नवऱ्याचं नाव?" आणि पूर्ण नाव घातलं.

सिंधु त्याच दुपारी निर्दोष सुटली.

बाहेर लिंबाखाली नरसिंगराव हसत होते. आता दाखला मिळंल, पासपोर्ट मिळंल, निकालाची नक्कल मी आठवड्यात देतो, असं काही काही सांगत होते. धुरपताबाईनं त्यांना मधेच थांबवलं.

"वकीलसाहेब, माझं नाव लिव्हलं का त्येंनी?"

"लिहिलं. मलप्पाच्या जबानीत हाय."

"नीट लिव्हलं?"

"धुरपताबाई निवृत्ती सोनकांबळे. मी डोळ्यांनी पाहिलं."

"मग झालं," ती म्हणाली आणि पिशवी उचलली. तिकडून मलप्पा काठी टेकत फाटकाकडं निघाला होता. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. धुरपताबाईनं वाटेतून बाजूला सरायचं काही मनावर घेतलं नाही, आणि म्हातारा तिला वळसा घालून गेला.

गाडीला वेळ होता. सिंधु आईशेजारी स्टँडच्या बाकड्यावर बसली. बराच वेळ बसली. मग तिनं आईच्या खांद्यावरचा पदर सारला आणि त्या व्रणावर बोटं ठेवली.

"दुखतो का?"

"थंडीत," आई म्हणाली.

पासपोर्ट दसऱ्याच्या आत आला. मुंबईला व्हिसाच्या कचेरीत सिंधुचा नंबर लागला तेव्हा नरसिंगरावांनी पढवलेलं तिला तोंडपाठ होतं. विचारतील तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही. काचेपलीकडच्या माणसानं कागद चाळले. तो मराठी बोलणारा होता, हे तिचं नशीब म्हणा की आणखी काही.

"कुठल्या गुन्ह्यात कधी शिक्षा?"

"नाही."

"खटला चालू?"

"नाही."

दोन्ही उत्तरं खरी होती. याच दोन शब्दांसाठी ती पाऊस लागल्यापासून धावत होती. पण ते 'नाही' तिच्या तोंडात कडू झालं. तळीखेडच्या वाड्यात घरटी एक नाव होतं, आणि इथं ती काचेशी उभी राहून सांगत होती की आपल्या घराचा त्या पाण्याशी काही संबंध नाही. शिक्का उचललेला हात तिला दिसत होता. गप्प राहायचं होतं. तिला राहवलं नाही.

"घागर आईची होती," ती म्हणाली.

त्या माणसाचा हात थांबला. "काय म्हणालात?"

मागं रांगेतली माणसं चुळबुळत होती. सिंधु हलली नाही. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग शिक्क्याकडं.

"काही नाही, साहेब," ती म्हणाली, आणि शिक्का पडेपर्यंत तिथंच उभी राहिली.